मायचे हात आणि बावचीचं तेल

बावचीचं झुडूप दिसायला काहीच नाही. काळ्या रानाच्या धुऱ्यावर, बांधावर कमरेएवढं वाढतं, जांभळट बारीक फुलं येतात आणि मग काळ्या, चिकट, उग्र वासाच्या बिया. मी गेली कित्येक वर्षं नांदेडात औषधशास्त्र शिकवते आहे, आणि दरवर्षी हे झुडूप शिकवायची वेळ आली की माझा आवाज चढतो. वर्गातलं एखादं पोरगं हमखास म्हणतं, "मॅडम, झाडपाला तर हाय. त्यानं काय होतंय?" त्या पोराचा काही दोष नसतो. टीव्हीवर, मोबाइलवर दिवसभर तेच ऐकून आलेलं असतं बिचारं. तरी मी त्याला चांगलं सुनावते. पोरं आपसांत म्हणतात की मॅडमचं बावचीशी जुनं वैर आहे.

वैर नाही. माझ्या मायचे हात तिनं भाजले, एवढंच. आणि तिनं एकटीनंही भाजले नाहीत.

वडील मुदखेडला महसूल खात्यात कारकून होते. लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा तिथल्या कचेरीला माणसं कमी पडत होती, आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांतून जी माणसं पाठवली त्यांत वडलांचं नाव आलं. त्यांनी तोंड वाकडं केलं. मुदखेडला जंक्शन होतं, ओळखी होत्या, संध्याकाळी स्टेशनवर चहा प्यायला चार मित्र होते. माय मात्र आनंदानं भांडी बांधायला लागली. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते. मला वाटलं, तिला मोठं गाव बघायची हौस असेल.

खरी गोष्ट वेगळी होती. माय धर्माबादकडच्या एका खेड्यात वाढली. तिच्या लहानपणी आमच्या माणसांनी विहिरीपासून लांब उभं राहायचं आणि कुणाला दया आली तर त्यानं वरून ओतायचं, अशी तिथली रीत. ती लहान असतानाच घरानं धम्मदीक्षा घेतली. घरातले देव गेले, सण बदलले, वडीलधाऱ्यांनी मेलेलं ढोर ओढायचं सोडलं. विहीर तेवढी तशीच राहिली. मुदखेडला नळ होता, पण आमची गल्ली कोणती हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळं नळावर आमचा नंबर नेहमी शेवटी लागायचा.

लातुरात आम्ही गावाच्या टोकाला नव्या वस्तीत दोन खोल्या घेतल्या. बहुतेक नोकरदार माणसं, बहुतेक नवी. कुणी उदगीरचं, कुणी बीडचं, कुणी निलंग्याचं. कोण कुणाचं हे विचारायला अजून कुणाला फुरसत मिळाली नव्हती. वस्तीच्या मधोमध सिमेंटचा एक हौद होता. माय पहिल्या दिवशी हौदावर गेली, कडेवर वाकली, आणि स्वतःच्या हातानं तांब्या बुडवून तिनं घागर भरली. कुणी काही बोललं नाही. शेजारच्या बाईनं उलट घागर उचलून तिच्या कमरेवर दिली. माय घरी आली ती हसतच. वडलांना म्हणाली, "जिल्हा झाला ते लई बरं झालं."

वडील म्हणाले, "मंत्र्याला कळवतो, तुला जिल्हा आवडला म्हणून."

हे सुख किती टिकलं ते मला नीट सांगता येणार नाही. लहानपणीच्या काळाला माप नसतं. जिल्हा झाला आणि पुढचे पावसाळे कोरडे गेले. नळाला पाणी येईना, बोअर आटले, हौद टँकरनं भरायला लागला. आणि त्याच दिवसांत कधीतरी मायच्या उजव्या हाताच्या बोटांवर पांढरे डाग उठले. आधी तिला वाटलं, चुन्यानं उतलं असेल. मग डाव्या हातावर आले. मग ओठाच्या कोपऱ्यात एक. वडलांनी तिला खिडकीपाशी नेऊन हात उलटेपालटे करून पाहिले आणि सोडून दिले.

कोड फुटलं होतं.

कोड लागट नसतं. महारोगाशी त्याचं काही नातं नाही. दुखत नाही, खुपत नाही, माणूस त्यानं मरत नाही. कातडीला रंग देणाऱ्या पेशी मरतात आणि तिथं पांढरं पडतं, एवढाच तो रोग. हे आज मी वर्गात दोन वाक्यांत सांगते. तेव्हा वस्तीत कोण कुणाला सांगणार? वडील एकदा चिडून म्हणाले, "आता दवंडी पिटू का गल्लीत?" पिटली असती तरी उपयोग झाला नसता.

एके दिवशी माय हौदावर वाकली तेव्हा समोरच्या घरातली बाई पुढं आली. तिचा नवरा बांधकाम खात्यात होता. बाई बोलायला गोड. तिनं मायच्या हातातला तांब्या हलकेच काढून घेतला आणि म्हणाली, "तुम्ही नका हात घालू, वहिनी. लेकराबाळांचं पाणी आहे. मी देते की भरून." आणि तिनं स्वतःच्या तांब्यानं मायच्या घागरीत पाणी ओतलं. वरून.

मी शेजारी छोटी कळशी घेऊन उभी होते. मला त्यातलं काही कळलं नाही, उलट बाई चांगली आहे असंच वाटलं. त्या बाईला आमची जात ठाऊक नव्हती हे मी आज शपथेवर सांगते. तिला फक्त डाग दिसले होते. पण मायला लहानपणची सगळी विहीर तिथं पुन्हा दिसली असणार. त्या बाईचा मला अजून राग आहे. इतकी वर्षं झाली, माझं वय झालं, पण तो काही जात नाही.

परक्यांचं तरी समजून घेता येतं. बुद्धपौर्णिमेला विहारात खीर असायची. लातुरात आल्यापासून खीर वाढायचं काम आधीची दोन्ही वर्षं मायकडं आलं होतं, कारण तिचा हात सढळ होता. त्या वर्षी आमच्याच बायका तिला म्हणाल्या, "तुम्ही बसा आक्का. दरवर्षी तुम्हीच दमता." माय बसली. खीर न खाताच उठली. वाटेत मला म्हणाली, "परक्यांनी केलं तर आपण निळा झेंडा घेऊन मोर्चा काढतो. हे कुणाला सांगावं गं?"

आमच्या भिंतीला भिंत लागून एक मुसलमान कुटुंब होतं, तीन पिढ्यांपासून लातूरचं. ते गाद्या-रजया भरायचं काम करत. घरातल्या बाईला मी खाला म्हणायचे. तिच्या नणंदेच्या गालावरचं कोड बावचीनं गेलं होतं, निदान खाला तसं सांगायची. ती मायला गंजगोलाईच्या बाजारातल्या एका अत्ताराकडं घेऊन गेली. जडीबुटी, मेंदी, उदबत्ती, सगळं विकणारं ते जुनं दुकान. अत्तार म्हातारा होता, सावकाश बोलायचा. त्यानं पुडीत काही बिया आणि एका बाटलीत काळसर तेल दिलं. मायचा हात उजेडात धरून पाहिला आणि सांगितलं, "थोडंसंच लावायचं बीबी. कवळ्या उन्हात बसायचं, सकाळच्या. कातडी गरम लागली की उठायचं. मग हात साबणानं साफ धुवायचे. जास्त हौस करायची न्हाई."

त्यानं काहीच चुकीचं सांगितलं नव्हतं. खालानंही नाही. मी पुढं पुस्तकं वाचली, त्यांतही थोड्याफार फरकानं हेच लिहिलेलं होतं. बावचीच्या बियांत सोरालेन नावाचं द्रव्य असतं. अंधारात ते निपचित असतं. कातडीत मुरलं आणि वर ऊन पडलं, की उन्हातले डोळ्यांना न दिसणारे किरण ते पकडतं आणि पेशींच्या आतपर्यंत पोचवतं. बेतानं झालं तर आसपासच्या रंगाच्या पेशी जाग्या होऊन पांढऱ्यावर पसरतात. बेत चुकला तर कातडी भाजते. लिंबाच्या सालीत, अंजिराच्या चिकात याच जातीची द्रव्यं असतात. उन्हात बसून लिंबं पिळणाऱ्याच्या हातावर कधीकधी काळे ओघळ उमटतात ते त्यामुळंच. म्हणजे औषध बावची नव्हे आणि ऊनही नव्हे, दोघांचं मिळून होतं ते औषध. विषही दोघांचं मिळूनच.

पहिले काही दिवस मायनं सांगितल्याप्रमाणं केलं. सकाळी दारातल्या पायरीवर हात मांडीवर पसरून बसायची. एवढी रिकामी बसलेली ती मी कधी पाहिली नव्हती. खाला भिंतीवरून विचारायची, "काय करून राहिली गं?" माय म्हणायची, "हात वाळवून राहिले, पापडासारखे." दोघी हसायच्या. मग माय आत जाऊन वाटीभर पाण्यात हात धुवायची आणि तेच पाणी तुळशीच्या डब्यात ओतायची. तुळस आम्ही खोकल्यासाठी ठेवली होती.

मग टँकरची वेळ बिघडली. आधी तो भल्या पहाटे यायचा. मे महिन्यात टँकर भरायला विहिरीच सापडेनाशा झाल्या, तेव्हा कधी दहाला येई, कधी बाराला, कधी येतच नसे. आला की गल्लीत एकच आरडाओरडा, आणि जो पळेल त्याला पाणी. हौदात सोडणंही बंद झालं, नळीखालीच रांग लागायला लागली. त्या दिवशी मायनं नुकतंच तेल लावलं होतं. घरात पाणी संपलं होतं. आदल्या रात्रीचं तांब्याभर उरलेलं होतं ते पिण्यासाठी झाकून ठेवलं होतं. हॉर्न वाजला. हात धुवायला पाणी नाही, आणि पाणी आणायचं तर तेच हात घेऊन उन्हात जायचं. मायनं लुगड्याला हात पुसले आणि घागर उचलली.

रांग लांब होती. सावली कुठंच नव्हती. मे महिन्याचं लातूरचं ऊन, आणि घागरीच्या गळ्याभोवती धरलेले दोन्ही हात उघडे. मी शाळेला सुट्टी म्हणून तिच्यासोबत होते. मला उभं राहवेना म्हणून तिनं मला तिच्या सावलीत बसवलं. तिचे हात मात्र उन्हातच होते.

हे भाजणं विस्तवासारखं लगेच कळत नाही, हीच त्यातली गोम आहे. संध्याकाळी हात नुसते चुणचुणत होते. दुसऱ्या दिवशी डाग गुलाबी झाले. इतके दिवस मेल्यासारखे पांढरे पडलेले डाग लाल झाले म्हटल्यावर मायला वाटलं, रक्त आलं, रंग येणार. तिनं खालाला दाखवलं. खालालाही तसंच वाटलं, तिनं दुवा दिली. औषध लागू पडलं या आनंदात मायनं त्या दिवशी तेल अंमळ जास्तच लावलं आणि आपणहून उन्हात बसली. पायरीवर सावली आली तशी ती उठून रस्त्यापलीकडं जाऊन बसली.

तिसऱ्या दिवशी फोड आले. बोटांवर, तळहाताच्या मागं, मनगटापर्यंत. पाण्यानं टंच भरलेले मोठे फोड. सगळी वस्ती पाण्याच्या थेंबाला महाग झालेली, आणि ते पाणी मायच्या हातांत. तिला बोटं मिटता येईनात. कण्हायची नाही, फक्त हात छातीशी धरून भिंतीला टेकून बसायची. वडलांनी मला भाकरी थापायला शिकवली. त्यांनाही येत नव्हती. आम्ही दोघांनी नकाशासारख्या भाकरी केल्या आणि वडलांनी तिला आपल्या हातानं घास भरवले. खाला रडत होती, अत्ताराला शिव्या देत होती, मग स्वतःला. माय तिला म्हणाली, "तुझा काय गुन्हा? पाणी असतं तर धुतले असते की मी."

वडलांनी रजा टाकली आणि आम्ही एसटीनं अहमदपूर, लोहा करत नांदेडला गेलो. तिथं कातडीचे एक डॉक्टर होते. तरुण होते, घाईत असायचे, पण माणूस सरळ. फोड बरे व्हायला दोन महिने गेले. त्यानंतर त्यांनी खरं काय ते सांगितलं. कोडाच्या माणसाची कातडी जिथं भाजते, खरचटते, तिथं नवं कोड उठू शकतं. मायच्या हातांवर आधी बोटांपुरते डाग होते. आता मनगटापर्यंत हातमोजे घातल्यासारखं सगळं पांढरं झालं होतं.

डॉक्टरांनी बावचीतल्या त्याच द्रव्याच्या गोळ्या दिल्या. मला ते तेव्हा भयंकर वाटलं, जिनं भाजलं तिलाच पोटात घ्यायचं. पण गोळीत माप असतं, आणि माप हेच औषध असतं हे मी तिथूनच शिकले. जेवण करून गोळी, मग थांबायचं, मग सांगितली तेवढीच मिनिटं ऊन, आणि दिवस मावळेपर्यंत डोळ्यांना काळा चष्मा, नाहीतर मोतीबिंदू व्हायची भीती. फार वर्षं घ्यायच्या नाहीत, कातडीच्या कॅन्सरचा धोका वाढतो, हेही त्यांनी सांगितलं. माय चष्मा लावून चूल फुंकायची. वडील म्हणायचे, "सिनेमातल्या बाई, चहा मिळंल का?" ती तेवढ्यापुरती हसायची.

आणि रंग आला. खरंच आला. हाताच्या पाठीवर, मनगटावर, केसांच्या मुळाशी तिळाएवढे तपकिरी ठिपके उठले आणि एकमेकांना मिळत गेले. माय मला रोज मोजायला सांगायची, मी रोज खोटा आकडा वाढवून सांगायचे आणि तिलाही ते कळायचं. पण जिथं केस नसतात तिथं रंग परतायला जागा नसते. बोटांची टोकं, पेरं, ओठ यांवर काही येत नाही. डॉक्टरांनी हे आधीच सांगितलं होतं. मायनं ते ऐकलं नव्हतं. मनगटाला रंग येऊन तिला काय करायचं होतं? तांब्यासोबत पाण्यात बुडतात ती बोटंच. वर्ष सरता सरता एक दिवस तिनं उरलेल्या गोळ्या वडलांपुढं ठेवल्या आणि म्हणाली, "बस झालं आता. मला मळमळतंय." पुढं चांगले पावसाळे आले, घरात नळ आला, हौद फोडून तिथं व्यायामशाळा झाली. माय त्या वस्तीत कुणाच्या हळदीकुंकवाला, बारशाला गेली नाही. पाहुण्यांपुढं चहा ठेवायला मी जायचे.

वडील गेल्यावर मी तिला नांदेडला माझ्याकडं आणलं. तोवर कोड अंगभर पसरलं होतं. आणि मग, फार थोड्या जणांचं होतं तसं, ते पुरतं झालं. कपाळ, गळा, पाय, कुठं डाग म्हणून राहिला नाही, कारण डाग दिसायला मूळचा रंगच उरला नाही. माझी सावळी माय सत्तरीत गोरीपान झाली. आता तिला उन्हाचाच धोका. छत्री आणि पूर्ण बाह्यांच्या पोलक्याशिवाय मी तिला दारात उभं राहू देत नव्हते.

एका उन्हाळ्यात आम्ही मुदखेडला मावशीकडं गेलो होतो. परतताना स्टेशनवर गाडी लेट. मी तिकिटाच्या खिडकीवर गेले आणि आले तेव्हा मायच्या शेजारी बाकावर एक बाई बसलेली. काठापदराचं लुगडं, पायात जोडवी, माहूरला रेणुकेच्या दर्शनाला निघालेली. तिच्याजवळचं पाणी संपलं होतं. मी पोचते तोवर तिनं मायजवळ पाणी मागितलं होतं. माय थबकली. मग पिशवीतून बाटली काढली, फुलपात्र काढलं, त्यात पाणी ओतलं आणि दोन्ही हातांनी पुढं केलं. बाई तोंड लावून प्याली. घटाघट. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "जीव थंड झाला. तुम्ही बामणाच्या ना आज्जी? बघताक्षणी वळखलं मी. रंगावरनं कळतंय की." आणि वाकून मायच्या पायांना हात लावला.

मी तोंड उघडलं होतं. मायनं माझ्याकडं पाहिलं आणि नको म्हणून मान हलवली. गाडी आली, बाई आपल्या वाटेनं गेली.

पुऱ्या प्रवासात माय खिडकीबाहेर बघत होती. मला वाटलं, तिला मनातून बरं वाटलं असेल. कसं का होईना, आयुष्यात एकदा तिच्या हातचं पाणी कुणीतरी मागून घेतलं होतं. घरी आल्यावर मी तसं म्हणालेही. मायनं आपले पांढरे हात मांडीवर पालथे ठेवले, त्यांच्याकडं कुणा दुसऱ्याचे असावेत तसं पाहिलं, आणि एवढ्या वर्षांत मी तिला पहिल्यांदा हुंदका देऊन रडताना पाहिलं.

"पिली ती," माय म्हणाली. "पर माह्या हातचं न्हाई पिली."